बहिरेबाबांचा कान

जॉबरने हातोडा उचलला आणि बाबांच्या पाठीमागे टांगलेल्या पत्र्यावर असा काही हाणला, की गोदामाच्या आढ्यावरची कबुतरं फडफडत बाहेर पडली. पुढच्या रांगेतल्या बायका किंचाळल्या. एक म्हातारा बसल्या जागी उताणा झाला. बाबा मात्र हलले नाहीत. त्यांची पापणीसुद्धा लवली नाही. मागे कोणी पीस टाकलं असावं, अशा शांतपणे ते समोरच्या गर्दीकडे बघत राहिले.

"अजून मारा, जॉबरसाहेब!" चेला लाउडस्पीकरवर गरजला. "मनातली खाज भागवून घ्या! महाराजांनी कान जगाला बंद केलेत आणि मनाला उघडलेत. शब्द म्हणजे कचरा, भक्तहो! चपला आणि शब्द दाराबाहेर काढून ठेवा. इथे कोणी बोलायचं नाही, विचारायचं नाही, सांगायचं नाही. महाराज मनातलं ऐकतात!"

जॉबर म्हणजे कापडाच्या गिरणीत माग दुरुस्त करणारा माणूस. "ठार बहिरा म्हणे! सोंग उघडं पाडतो की नाही बघा," असं सगळ्या खात्याला सांगून तो हातोडा घेऊन आला होता. आता हातोडा खाली ठेवून तो गुडघ्यांवर बसला. बाबांनी त्याच्याकडे बराच वेळ निरखून पाहिलं. मग त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"मिशा काढ," बाबा म्हणाले. त्यांचा आवाज सपाट होता आणि हवा त्यापेक्षा मोठा.

"काय काढू?"

"नाकाखालचे केस श्वास अडवतात. श्वास अडला की मन गढूळ होतं. तुझं मन मला दिसत नाही. मिशा काढून ये."

जॉबरच्या मिशा म्हणजे छपराची वळचण होती. वरचा ओठ कसा आहे, हे त्याच्या बायकोनेही पाहिलेलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी तो सोललेल्या बटाट्यासारखं तोंड घेऊन बाबांपुढे जाऊन बसला आणि डोळे मिटून पुटपुटत राहिला. बाबा म्हणाले, "आईवर हात उगारलास. आता झोप लागत नाही." जॉबर तिथेच ढसाढसा रडला. त्यानंतर गिरणीतली माणसं पाळी सुटली की घरी जायच्या आधी गोदामाकडे वळायला लागली. एकूण चौघांनी मिशा काढल्या. तोंडावरून कापड घेऊन बसणाऱ्या बायकांना चेला ते खाली करायला लावायचा, "आत्मा गुदमरतो" म्हणून. दिवेलागणीला बाबांची शक्ती मावळायची, ती थेट दुसऱ्या दिवशी उजेडातच परतायची.

जॉबरच्या बायकोला सगळे धाकटी म्हणत, कारण तिची थोरली बहीण त्याच खात्यात तिच्या आधीपासून माग चालवत होती. थोरलीला मूलबाळ नव्हतं. आई गेल्यावर धाकटीला तिनेच वाढवलं, तिनेच मागावर उभं केलं, धागा तुटला की कसा ओवायचा आणि जॉबर तुटून पडला की कसं गप्प बसायचं, हेही तिनेच शिकवलं. पुढे त्या जॉबरशीच धाकटीचं लग्न झालं तेव्हा थोरली म्हणाली होती, "अर्धं शिक्षण वाया गेलं."

धाकटीच्या छातीत कापूस बसला होता. मागांच्या खात्यात कापसाचं बारीक तूस हवेत सतत तरंगत असतं. ते केसांत बसतं, भुवयांवर बसतं, आणि काहींच्या छातीत जाऊन श्वास आवळतं. गिरणीच्या दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंनी तिला ओढायचा निळा पंप दिला होता आणि माग सोडायला सांगितलं होतं. यातलं एकच तिने ऐकलं. पंप ती कपड्यांच्या आत लपवून ठेवायची. नवऱ्याला कळलं तर तो काम सोडवून घरी सासूच्या ताब्यात देईल, ही भीती होती. पंपाचं एका थोरलीलाच माहीत होतं.

एके दिवशी दोघी बहिणी गोदामात गेल्या. गर्दीत एक या भिंतीला, दुसरी त्या भिंतीला बसली. चेल्याने शांततेचा हुकूम सोडला. धाकटीने समोरून थोरलीकडे बघून, मागावर बोलतात तसं, आवाज न काढता ओठ हलवले, "ताई, जिना चढताना जीव गेला. पंप ओढला तेव्हा कुठे आले. यांना कळू देऊ नकोस."

थोरलीनेही तसंच उत्तर दिलं, "खाली बघून बस. दम खा."

आणि बाबांचा हात वर झाला. बोट सरळ धाकटीवर.

"मुली, अंगाशी काहीतरी लपवलंयस. त्याच्यावर तुझा श्वास चालतो. नवऱ्याला माहीत नाही."

धाकटी पांढरीफटक पडली. पुढे बसलेला जॉबर उठून उभा राहिला. "काय लपवलंयस?"

"काढ बाहेर," बाबा म्हणाले.

तिने पंप काढला. सगळ्या गोदामाने "अरे!" केलं. कारण तिने तोंडातून शब्द काढला नव्हता, हे शेजारच्या बायकांनी कानांनी ऐकलं होतं.

"हाच तुझा श्वास खातोय," बाबा म्हणाले. "टाक इथे."

समोर एक पत्र्याचं मोठं घमेलं होतं. त्यात गोळ्यांची पाकिटं होती, चष्मे होते, कोणाच्या तरी लहान मुलाचा पायाला बांधायचा लोखंडी आधार होता. धाकटीने पंप त्यात टाकला. चेला ओरडला, "एक श्वास मोकळा झाला!"

थोरलीचीसुद्धा त्या क्षणी बोबडी वळली, हे खरं. पंपाचं ती कोणाला बोलली नव्हती. धाकटीही बोलली नव्हती. मग या माणसाला कळलं कसं?

पुढे योगायोग असा, की गिरणीचा वीजपुरवठा बिघडला आणि माग बरेच दिवस बंद राहिले. धाकटीचा श्वास मोकळा झाला. ती पाण्याची कळशी घेऊन जिना चढली. जॉबर गल्लीभर पेढे वाटावेत तसं ते सांगत फिरला.

थोरली डॉक्टरबाईंकडे गेली. डॉक्टरबाई पोरसवदा होत्या आणि दिवसभर खोकणाऱ्यांत बसायचं म्हणून तोंडावर मास्क बांधलेला असायचा. त्या समोरच्या कागदावर काहीतरी लिहीत होत्या. मान वर न करता त्या म्हणाल्या, "तूस नाही, म्हणून त्रास नाही. यात बाबाचं काय? गिरणी सुरू होऊ द्या. पहिल्याच दिवशी छाती आवळेल. हा आजारच तसा आहे, सुट्टीनंतरचा पहिला दिवस सगळ्यात वाईट. तिला पंप घेऊन ठेवायला सांगा. अहो, जीव जाईल तिचा."

"काय? मास्क खाली करा बाई, ऐकू येत नाही," थोरली म्हणाली. मागावरच्या सगळ्यांचेच कान अर्धे गेलेले असतात.

डॉक्टरबाईंनी मास्क खाली केला, वर बघितलं आणि पुन्हा सगळं सांगितलं.

गिरणी सुरू झाली आणि पहिल्याच दिवशी धाकटी मागावर वाकली ती वर येईना. ओठ जांभळे पडले. जॉबरने तिला आधी बाबांकडे आणि मग घरी नेलं. थोरली दवाखान्यातून नवा पंप घेऊन तिच्या घरी धावली, तर दारात जॉबर.

"ताई, तुम्ही आत येऊ नका."

"बाजूला हो. तिला श्वास घेता येत नाहीये."

"बाबा म्हणाले, घरातलं कोणीतरी शंका घेतंय म्हणून कृपा अडली. तुम्हीच गेला होतात ना त्या डॉक्टरणीकडे?"

"अरे मेल्या, शंकेने कोणाची छाती आवळते का?"

आतून सासू म्हणाली, "स्वतःची कूस रिकामी, म्हणून बहिणीचा संसार बघवत नाही." धाकटी पलंगावर बसली होती. तिने ताईकडे पाहिलं आणि तोंड फिरवलं. जॉबरने दार लावलं. लावताना म्हणाला, "वाईट वाटून घेऊ नका." हे मात्र त्याने खरंच मनापासून म्हटलं, आणि तेच जास्त लागलं.

डॉक्टरबाई स्वतः गोदामात गेल्या. भर गर्दीत बाबांपुढे उभं राहून त्यांनी धाकटीला औषध घेऊ द्या म्हणून हात जोडले. मास्कआडून त्या काय बोलल्या ते पुढच्या दोन रांगांना ऐकू आलं. बाबांनी त्यांच्याकडे टक लावून पाहिलं. डोळे बारीक केले, मान डावीकडे झुकवली, उजवीकडे झुकवली. शेवटी म्हणाले, "या बाईच्या मनाला कुलूप आहे."

"कुलूप!" चेला लाउडस्पीकरवर खिंकाळला. "पुस्तकं वाचून वाचून मनाला कुलूप! चावी हरवली, भक्तहो!"

लोक पोट धरून हसले. पोरं डॉक्टरबाईंच्या मागे दवाखान्यापर्यंत "कुलूप, कुलूप" करत गेली. ज्यांच्या पोरांना त्यांनी मरणाच्या दारातून ओढून आणलं होतं, ती माणसंही हसली.

दुसऱ्या दिवशी थोरली तोंडाला फडकं बांधून मागावर उभी राहिली. तूस नाकात जाऊ नये म्हणून गिरणीनेच अशी फडकी दिली होती, पण खात्यात कोणी बांधत नसे. ती का बांधत नसत, हे थोरलीला इतक्या वर्षांत कोणी विचारलं नव्हतं, आणि तिनेही स्वतःला विचारलं नव्हतं.

पलीकडच्या मागावर गोफण नावाची बाई होती. तिची जीभ ज्याला लागली तो आठवडाभर चोळत बसायचा, म्हणून ते नाव. थोरली तिला फडक्याआडून काहीतरी म्हणाली. गोफणने मान हलवली. थोरली पुन्हा म्हणाली. तेव्हा गोफण वैतागली आणि ओठ ताणून ताणून, बिनआवाजी, म्हणाली, "काय ते कळेना! तोंडाला कुलूप लावलंयस का?"

थोरलीचा हात मागावरच थांबला.

खात्यात शेकडो माग एकदम धडधडतात. कानाशी ओरडलं तरी ऐकू जात नाही. म्हणून तिथे कोणी आवाज काढतच नाही. ओठ मोठे हलवायचे आणि समोरच्याचे ओठ वाचायचे. सोयरिकी जुळतात, शिव्या दिल्या जातात, कोणाच्या मरणाची बातमी या टोकापासून त्या टोकापर्यंत जाते, आणि सगळं मुक्याने. नवी आलेली पोरगी हे कधी शिकते ते तिलाही कळत नाही. मग ही सवय गिरणीबाहेरही तशीच राहते. दवाखान्यात, गल्लीत, बाबांच्या गोदामात दोघी समोरासमोर बसून ओठांनी सगळं घरदार उघडं करतात आणि वर शपथेवर सांगतात, "मी तोंडातून शब्द काढला नाही." त्यांच्या लेखी ते खोटं नसतं. जे ऐकू येत नाही ते बोलणं नव्हे.

मिशा. बायकांच्या तोंडावरचं कापड. दिवेलागण. मास्क. एकेक धागा थोरलीच्या हाताला लागत गेला. आणि पत्र्यावरच्या हातोड्याने न दचकणारे कान कुठे जातात, हेही तिला कोणी सांगायची गरज नव्हती. तिचे स्वतःचे कान त्याच वाटेवर होते. तो मनकवडा नव्हता. तो मागावरचा माणूस होता. पांढरा झगा घातला म्हणून कोणाच्या डोक्यात आलं नाही, एवढंच.

तेवढ्यात चार माग पलीकडे कोणीतरी तोंड वासलं, "धोटा!" धोटा म्हणजे आडवा धागा घेऊन मागात इकडून तिकडे झेपावणारा लाकडी तुकडा. त्याला दोन्ही टोकांना लोखंड असतं. कधी तो मागातून निसटतो आणि गोळीसारखा उडतो. खात्यात एक डोळा नसलेली माणसं आहेत ती त्यामुळे. म्हणून कोणाच्या ओठांवर तो शब्द दिसला, की माणूस विचार करत नाही. आधी डोकं खाली, कोपर डोळ्यांवर. थोरली वाकली, गोफण वाकली, अख्खी रांग वाकली. धोटा भिंतीवर आदळून पडला.

थोरली वाकलेलीच हसायला लागली. गोफणला वाटलं, हिच्या डोक्यावर परिणाम झाला.

पुढच्या सभेत थोरली एका भिंतीला बसली, गोफण समोरच्या. डॉक्टरबाई दारात. पुढच्या रांगेत धाकटी होती, नवऱ्याच्या आधाराने. तिच्या छातीतली शिट्टी मागच्या भिंतीपर्यंत ऐकू येत होती.

चेल्याने शांतता पुकारली. थोरलीने समोर बघून ओठ हलवले, "आज पोराची फार आठवण येते गं. विहिरीत पडला तेव्हा सात वर्षांचा होता. मीच झाकण उघडं ठेवलं होतं."

गोफणने डोळे पुसायचं नाटक केलं. ते तिला जमलं नाही, पण बाबांचं लक्ष तिच्याकडे नव्हतं.

हात वर झाला. "आई," बाबा थोरलीला म्हणाले, "पोरगा विहिरीतून हाक मारतोय. सात वर्षांचा. झाकण तू उघडं ठेवलंस."

मग कुठूनतरी एक बाई म्हणाली, "हिला पोर कुठंय? ही तर वांझ."

हशा पिकला. थोरली उभी राहिली. लपवायची जखम तिने भर सभेत स्वतःच्या हाताने उघडली होती, आणि लोक तिलाच हसत होते. ती म्हणाली, "बरोबर. मला मूल झालं नाही. मग विहिरीत कोण पडलं, विचारा बाबाला."

चेला तरबेज होता. "मागचा जन्म!" तो ओरडला. "महाराजांना मागचा जन्म दिसला! माते, तुझ्या वांझपणाचं कारण सापडलं!"

"हां!" गर्दी म्हणाली. काही हात जोडले गेले. एका बाईने थोरलीच्या पायाला स्पर्शसुद्धा केला. लोकांना विश्वास ठेवायचाच असेल तर ते थुंकीलाही पाऊस म्हणतात.

थोरलीने वाद घातला नाही. ती बाबांच्या समोर गेली, त्यांच्या डोळ्याला डोळा भिडवला, आणि एकदम तोंड वासून, आवाजाचा कणही न काढता, म्हणाली, "धोटा!"

बाबांचं डोकं खाली गेलं. कोपर डोळ्यांवर आलं. उंच आसनावरून ते एका कुशीवर कोसळले, आणि झग्यातून विणकराचे केसाळ, नसा तटतटलेले पाय वर आले. ज्यांना थोरलीचं तोंड दिसत होतं ते सगळे विणकरही बसल्या जागी वाकले होते. ते हळूहळू वर आले आणि त्यांनी आसनाकडे पाहिलं.

"अगं बाई," गोफण म्हणाली. "हा तर आपल्यातलाच!"

"मन वाचत नाही तो," थोरली म्हणाली. "तोंड वाचतो. तुम्ही माझं वाचता तसंच. पंपाचं धाकटीने मला सांगितलं, समोरासमोर बसून, याच्या डोळ्यांदेखत. तुम्ही प्रत्येकाने आपापलं स्वतःच सांगितलंत. डॉक्टरबाईंच्या तोंडावर मास्क होता, म्हणून त्यांच्या मनाला कुलूप. आणि तुझ्या मिशा, जॉबर, तुझ्या ओठांवर होत्या म्हणून गेल्या, पापं होती म्हणून नाही."

जॉबरने हात वरच्या ओठावर नेला. मग तो आसनाकडे धावला. त्याच्यामागे सगळे धावले. कालपर्यंत ज्यांनी त्या पायांवर डोकं ठेवलं होतं, त्यांनीच ते पाय धरून माणसाला फरपटत नेलं. चेला लाउडस्पीकर टाकून केव्हाच पसार झाला होता. आरडाओरडा एवढा, की खातंच चालू आहे असं वाटावं. त्या गोंगाटात खाली पडलेला माणूस थोरलीकडे बघून बोलत होता. त्याच्या तोंडाकडे बघणारी ती एकटीच होती. "बाई, कान गेले म्हणून मला कामावरून काढलं. दुसरं काही येत नव्हतं. थांबव यांना. तुझं ऐकतील."

तिने शब्द न् शब्द वाचला. ती बोलली नाही. शेवटी डॉक्टरबाईच मध्ये पडल्या आणि त्यांनाही दोन बसल्या.

थोरली घमेल्याशी गेली. पाकिटं, चष्मे उपसून तिने निळा पंप शोधला आणि धाकटीपुढे धरला. "ओढ. आता तरी ओढ."

धाकटीने पंप हातात घेतला, पण तोंडाला लावला नाही. ती त्या माराकडे बघत होती.

"ताई," ती शिट्टीसारख्या आवाजात म्हणाली, "तो माझ्याकडे एवढं बघत होता. तोंडातला शब्दन्शब्द. यांनी कधी बघितलंय तसं? डॉक्टरबाई तरी बघतात?"

थोरलीने तिचा पंपाचा हात धरून तोंडाशी नेला. "ओढ," ती पुन्हा म्हणाली.

धाकटीने ओढला, पण आता ते पंपाच्या हाताबाहेर गेलं होतं. इस्पितळात तिला प्राणवायूचा मास्क लावला. तिच्या श्वासाने तो आतून पांढरा झाला होता. शेवटच्या दिवशी ती त्याच्या आत काहीतरी म्हणत होती. थोरलीने तोंडाशी कान नेला, मग डोळे नेले. काही ऐकू आलं नाही आणि काही दिसलं नाही. काय म्हणाली ते कोणालाच कळलं नाही.

माणसं मात्र माणसंच. पुढे एकदा गोफण जेवणाच्या सुट्टीत थोरलीला म्हणाली, "हा खोटा निघाला, कबूल. पण खरंच कोणी मनातलं ओळखणारा असला तर?"

"असू दे की," थोरली म्हणाली. "असं धर, की तो खरंच मनातलं ओळखायचा. ओठ नाही, मनच. त्याने धाकटीला काय नवीन सांगितलं? पंप अंगाशी आहे, हे तिला ठाऊक होतंच. जॉबरने आईवर हात उगारला, हे त्याला ठाऊक होतंच. आपलंच दुखणं आपल्याला परत सांगितलं आणि आपण त्याच्या हातात जीव दिला. धागा तुटलाय हे ओळखणं वेगळं आणि जोडता येणं वेगळं, हे आपल्याला मागावर पहिल्या दिवशी कळतं. माणसांच्या बाबतीत का कळत नाही?"

गोफणने डबा बंद केला आणि दोघी मागाकडे वळल्या.

तेव्हा वाचणाऱ्यांना एवढंच सांगणं आहे. कोणी तुमच्या मनातलं ओळखलं तर नवल करा, हवं तर टाळ्या वाजवा. पण तो औषध टाक म्हणाला, तर तिथेच थांबा आणि त्याला एक विचारा: मी मेले, तर यात तुझं काय जाणार आहे?